वेदीजवळचा तांबडा दिवा

आमच्या चर्चमध्ये वेदीजवळ टांगलेला तांबडा दिवा, येशू इथं आहे याची खूण म्हणून, एरवी अखंड तेवत असतो. सिल्लोडकडची एक बाई गेले काही दिवस रोज दुपारी यायची. तिचा मुलगा जवळच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होता. मागच्या बाकाखाली चपला सारून, डोक्यावर पदर घेऊन ती नुसती त्या दिव्याकडे बघत बसायची. "ह्यो जळतोय तवर माझं पोरगं हाय," असं मला एकदा म्हणाली होती.

गुड फ्रायडेला ती आली. दिवा विझलेला, वेदी उघडीबोडकी, पवित्र भाकरीच्या सोनेरी पेटीचं दार सताड उघडं आणि आत काहीच नाही. अनवाणी धावत येऊन तिनं माझं मनगट धरलं.

"मावशी, घाबरू नका. दरवर्षी आम्हीच विझवतो. आज येशू क्रूसावर मरण पावला ना. उद्या रात्री परत लावणार."

"आन् तवर हितं कोण हाय?"

लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ती रिकामी पेटी मी बघत आले होते. त्या दुपारी पहिल्यांदा त्या पेटीकडे बघवेना. बाई तशीच अनवाणी दवाखान्याकडे पळाली.

रविवारी सकाळी दिवा तेवत होता. मागच्या बाकाखाली तिच्या चपला अजून तशाच होत्या.