पोत्यात अडकलेली गोळी

भातात खडा लागला की आजही माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकात शारजात आम्ही गाड्यांना चिलखती पत्रे बसवायचो. एकदा मॅनेजरने गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी वाळवंटात तांदळाची पोती रचून त्यांवर मोठ्या रायफलच्या गोळ्या झाडायला लावल्या. आमचा पत्रा फोडणारी गोळी पोत्यांतच अडकली. जळक्या बारुदाच्या वासात टाळ्या पडल्या. मॅनेजर म्हणाला, "चावल वेस्ट मत करो, लेबर कॅम्प भेजो. यल्ला, जल्दी!"

आमच्या कॅम्पात तांदूळ निवडताना गोळ्यांच्या तांब्याचे कपचे निघाले, बोटं कापली. तोच भात शिजवून मी मॅनेजरच्या टेबलावर ताट आपटलं.

"साहेब, पहले आप."

त्याने ताट दूर सारलं. "पागल है क्या? पेट फट जाएगा."

हरामखोर! आमच्या पोटांना काय आतून पत्रे बसवले होते?