मावशीची कूस

माझ्या मावशीला देवाने नेलं नाही. तिला कूस बदलू दिली नाही, म्हणून ती गेली.

आज वर्ष झालं. सकाळीच तिच्या मुलाची, आमच्या सुहासदादाची, पोस्ट वाचली.
‘आईची सेवा हेच माझं भाग्य.’
खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग.

तर थोडं सेवेबद्दल.

पॅरॅलिसिसनंतर मावशी दहिसरच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या कॉटवर. एका भिंतीला देव्हारा, समोर खिडकी.
दादाचा नियम: आईचं तोंड कायम देव्हाऱ्याकडे. देवाकडे पाठ नको.

डॉक्टर सांगून गेले होते, दर दोन तासांनी कूस बदला.
दादा म्हणाला, “त्यांना काय कळतं? पुण्य लागू दे आईला.”

मग खुब्यावर जखम झाली. डॉक्टर म्हणाले, डिक्युबिटस अल्सर.
दादाने हे नाव फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. जणू आईला परदेशी डिग्री मिळाली.

मी शब्द शोधला. मूळ लॅटिन, अर्थ नुसता आडवं होणं. कोपराला त्यांच्यात क्युबिटम म्हणतात, तोही त्याच घरातला. रोमन श्रीमंत कोपरावर रेलून जेवायचे म्हणे. आपल्या ‘शयन’इतकाच निरुपद्रवी शब्द. जखम आपण केलेली.

मावशीला सांगितलं, तर अर्ध्या तोंडाने हसली.
“मेले पडून जेवायचे? मग मी पण रोमनच की रे! मला जरा खिडकीकडे वळव.”

वळवली. खालचा नदीवरचा पूल, रिक्षा, भांडणारे भाजीवाले. बघत राहिली.

दादा आला आणि तिला परत फिरवलं.
“काय पंडित, एवढं संस्कृत शिकलास. विष्णू बदलतो का कूस?”
“बदलतो. भाद्रपदात. परिवर्तिनी एकादशी त्याचीच. शिवाय त्याच्याखाली शेष आहे, हिच्याखाली रेक्झिन.”
“ते देव आहेत. त्यांचं वेगळं.”

जखम हाडापर्यंत गेली. इन्फेक्शन रक्तात. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आज तिचा फोटो लावायचा होता. दादाने खिडकीशेजारची भिंत ठरवलेली, आईला समोर देव दिसावा म्हणून.
तो गुरुजींसमोर बसला आणि हातोडी माझ्याकडे आली.

मी खिळा देव्हाऱ्याशेजारी ठोकला.
आता देव आणि मावशी, दोघंही खिडकीतून बाहेर बघतायत.

दादा, तो खिळा काढून तर बघ.

मावशी, पूल बघ निवांत. आता तुला कोणी फिरवणार नाही.