लवू मेस्त्रींनी खंदकाबद्दल काय सांगितलं होतं

लवू मेस्त्री तेवीस वर्षं कुवेतमध्ये सुतारकाम करताहेत, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी चुकीचा सल्ला दिल्याचं एकच उदाहरण लोक सांगतात. ते उदाहरण मी घडवलेलं आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माणूस सांगतो. मेस्त्री आमच्या कणकवली तालुक्यातले, वय पंचावन्नच्या पुढे. वखारीत लाकूड घेताना ते हुंगून बघतात, आणि वखारवाला पठाण त्यांच्या चेहऱ्याकडे निकालाच्या दिवशी बघावं तसा बघत राहतो. दार बसवून झालं की स्वतःच त्यातून आठ-दहा वेळा आत-बाहेर करतात. एकदा मोकळे, एकदा हातात पिशवी घेऊन. मी हसलो तर म्हणाले, "तू पेपर लिवून झाल्यार परत वाचूक नाय? ह्या तसाच."

मी मेस्त्रींच्याच बांधकाम कंपनीत साइट इंजिनियर, रूपेश. शाळेत तोंडातून मालवणी शब्द निघाला की बाई बाकावर उभं करायच्या. त्यामुळे माझं मराठी भलतंच शुद्ध झालं, आणि माझं इंग्रजीही तसंच आहे असा मला भास होऊ लागला. मेस्त्री माझ्याशी मालवणीत बोलतात आणि मी त्यांना पाठ्यपुस्तकातून उत्तर देतो.

खैरानला डॉक्टर शरीफा यांचं समुद्रावरचं घर आहे. त्यांचा डोळ्यांचा दवाखाना शहरात, जाब्रियाला. खाऱ्या वाऱ्यानं त्यांच्या घराची दारं फुगायची. तीन सुतार हरले, मेस्त्रींची दारं मात्र लागू लागली. तेव्हापासून डॉक्टर त्यांना उस्ताद म्हणतात. मेस्त्रींची अरबी म्हणजे "हे चांगलं", "हे नको", "उद्या" इतपतच. त्याहून लांब काही बोलायचं झालं की मध्ये मी, इंग्रजीतून.

गेल्या वर्षी जानेवारीत डॉक्टरांनी टॅब्लेटवर एक घर दाखवलं. इंग्लंडमधलं, चारेकशे वर्षांचं, विकायला काढलेलं. आपल्या भुईकोटाला असतो तसा चारी बाजूंनी पाण्याचा खंदक, फक्त मगरींऐवजी बदकं. जाहिरातीत नम्रपणे 'दुरुस्तीची गरज' असं लिहिलं होतं. फोटोतल्या जिन्याला निम्म्या पायऱ्या नव्हत्या.

डॉक्टरांचं घर घ्यायचं ठरलंच होतं. अडलं होतं ते खंदकावर. त्यांना पाणी काढून तिथे आईसाठी गुलाबाची बाग हवी होती. घर बघून गेलेल्या तिकडच्या तपासनिसानं अहवालात दोन्ही मार्ग लिहिले होते: पाणी ठेवा नाहीतर काढा, दोन्हीला खर्च आहे. "उस्तादला विचार," त्या मला म्हणाल्या. "तो म्हणेल तसं करीन." शेजारी त्यांचा भाऊ बसला होता, लंडनला शिकलेला आर्किटेक्ट.

मेस्त्रींनी आधी विचारलं, "भिंतीखाली काय आसा?"

मी अहवाल चाळला. "ओकच्या लाकडाचे ओंडके आहेत."

"मगे पाण्याक हात लावू नुको म्हणान सांग. आमच्या बावीच्या तळाक जांभळीचो ओंडो आसा, आज्यान घातलेलो. अजून तसोच. लाकूड कायम पाण्यात ऱ्हवला तर कुजना नाय. दाराची चौकट कशी, भिजता नि सुकता, भिजता नि सुकता, ती कुजता. पाणी काढल्यानी की घर बसतला. सांग त्यांका, बावीचा पण सांग."

एवढंच भाषांतर करायचं होतं. विहिरीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं. पण समोर लंडनचा आर्किटेक्ट, आणि मी त्याला आमच्या गावची विहीर, आज्याचा ओंडका आणि जांभळाचं झाड सांगणार? लाकडाला पाणी वाईट, हे तर कुणालाही कळतं असं मला वाटलं. मी म्हणालो, "उस्ताद म्हणतात, ओल हा लाकडाचा शत्रू आहे. खंदक कोरडा करा."

भावानं मान डोलावली. ती मान बघून मेस्त्री खूश झाले.

"पटला त्यांका?"

"पटलं," मी म्हणालो.

मे महिन्यात खंदक कोरडा झाला. या फेब्रुवारीत डॉक्टर खैरानला आल्या त्या नवे फोटो घेऊन. घराचा एक कोपरा खाली बसला होता. खिडकीच्या वरून भिंत हात जाईल इतकी फाटली होती. खालची माती सुकून आकसली होती, उघडी पडलेली लाकडं भुसभुशीत होऊ लागली होती. मला बाजूला ठेवून त्या मेस्त्रींशी थेट अरबीत बोलल्या, एकेक शब्द सावकाश. "उस्ताद, तू पाणी काढ म्हणालास, म्हणून मी काढलं."

मेस्त्रींना कळलं. त्यांनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग डॉक्टरांना म्हणाले, "आना गलतान." माझी चूक.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. मेस्त्रींनी करायची ठरलेली आईच्या खोलीतली कपाटं आता दुसरा कुणी करील, एवढंच म्हणाल्या.

परतताना गाडीत मी विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"तुजी नोकरी नवी. माका इतकी वर्सां झाली, माका कोण काय करतलो?"

कंपनीनं जे करायचं ते केलं. मेस्त्रींना दारांवरून काढून सामान भरायच्या खोक्यांच्या फळ्या ठोकायला बसवलं. राहत्या खोलीवर सोबतची पोरं त्यांना चिडवू लागली. एका शुक्रवारी मी तिथे जेवायला गेलो होतो. कुणीतरी म्हणालं, "मेस्त्रीनू, खैरानचो समुद्र सुकवूचो आसा, येतास काय?" सगळे हसले. मीही हसलो. तोंडात घास होता आणि हसू आपोआप आलं. मेस्त्री मान खाली घालून माशाचे काटे काढत होते. मी हसतोय हे त्यांनी ऐकलं असणारच, माझा आवाज मोठा आहे.

रविवारी सकाळी जाब्रियाला गेलो. नंबर लावला, डोळ्यांत थेंब घातलेल्या बायांच्या रांगेत तासभर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी यंत्रापुढे हनुवटी टेकवायला सांगितली, तेव्हा मी म्हणालो, डोळे ठीक आहेत, दुसरंच काम आहे. आणि सांगितलं.

त्यांनी पेन उचललं. "मग तो नक्की काय म्हणाला होता?"

मी विहीर सांगितली. आज्या सांगितला, जांभळीचा ओंडका सांगितला, भिजणारी-सुकणारी चौकट सांगितली. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"हे तू तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"लाज वाटली."

"कसली? विहिरीची?"

त्यांनी माझ्यासमोरच इंग्लंडला फोन लावला आणि खंदकात पाणी सोडण्याचं विचारलं. घर वाचेल म्हणतात, पण तो कोपरा आता कायम खालीच राहणार. मग डॉक्टर स्वतः खोक्यांच्या शेडमध्ये आल्या आणि सगळ्यांदेखत मेस्त्रींची माफी मागितली. मेस्त्री एवढे अवघडले की त्यांना बसायला एक खोकं पुढे करून स्वतः उभेच राहिले. मला कंपनीनं ताकीद दिली. कमीच होती.

खोलीवरचं चिडवणं थांबलं. मेस्त्री पुन्हा दारांवर आले. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, जेवलास काय विचारतात. मला वाटलं, मिटलं.

गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी त्यांना इंग्लंडच्या जिन्याचे नकाशे बघायला बोलावलं. मी फाइल घेऊन तयार होतो. मेस्त्री बूट घालत होते, आणि बाजूला आमचा ड्रायव्हर मुकेश इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. देवगडचा, आठवी पास.

"मी मोकळा आहे आज," मी म्हणालो.

"तू ऱ्हव," मेस्त्री नाडी बांधत म्हणाले, जराही राग नव्हता. "मुकेश येतलो माझ्यावांगडा."

"त्याला इंग्रजी कुठे येतं?"

"थोडा येता. येना नाय तेव्हा तो येना नाय म्हणान सांगता."

मुकेश खाली बघू लागला. मी फाइल त्याच्या हातात दिली आणि कुठल्या पानावर जिना आहे ते दाखवलं. ते दोघे गेले. ऑफिसच्या वहीत दोघांच्या नावापुढे 'साइटवर' लिहायचं काम माझ्याकडेच असतं. ते लिहिलं.