बारा सेंटिमीटरचं नॅट

प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद लागला की घरात दोन गोष्टी साठत जातात. न उघडलेले डबे आणि किस्से. डबे बायकोच्या डोळ्यांवर येतात, त्यामुळे त्यांना कुठंतरी आळा बसतो. किस्स्यांना बसत नाही. आमची मंडळी रविवारी सकाळी माझ्या सावेडीतल्या मेडिकलच्या मागच्या खोलीत जमते, आणि दुसरा चहा येईपर्यंत एखादा घडतोच!

मंडळी म्हणजे तिघंच. एमआयडीसीत टूलरूममध्ये उभा जन्म काढलेले पठारे, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याहून एसटीनं येणारे सांगळे गुरुजी आणि मी. आमचं विमान म्हणजे खऱ्या लढाऊ विमानाचा बरोबर बहात्तरावा भाग, तळहातावर मावेल एवढा. सुटे भाग डब्यात येतात, ते जोडायचे आणि रंगवायचे. लोक म्हणतात, त्यात काय मोठंसं? त्यांना एकदा पठाऱ्यांसमोर बसवायला पाहिजे.

* * *

लोक खिशाला पेन लावतात, पठारे बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर लावतात. कुठलाही डबा आला की आधी माप. अर्धा मिलिमीटर चुकला तर खऱ्या विमानात साडेतीन सेंटिमीटर चुकले, हा त्यांचा हिशेब. मी एकदा हौसेनं आणलेल्या मिगचा पंख त्यांनी मोजला आणि जाड आहे म्हणून डबा बाजूला सारला. मी म्हटलं, कोणाला दिसणार आहे?

पठारे शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाचशेच्या जागी साडेसहाशेची गोळी देता का?"

त्यांचा दुसरा कायदा म्हणजे तयार झालेलं विमान हवेत धरून फिरवायचं नाही. माझ्या साडूनं एकदा शेल्फवरचं एक उचललं आणि तोंडानं झूंऽऽ केलं. पठाऱ्यांनी ते अलगद काढून घेतलं, जागेवर ठेवलं आणि "हे खेळणं नाही" एवढंच म्हणाले. साडू त्यानंतर मागच्या खोलीत आलेला नाही.

* * *

सांगळे गुरुजींचं काम रंगाचं. शेपटीवरचे आकडे ते एका केसाच्या ब्रशनं काढतात. बाजारातला ब्रश त्यांना जाड वाटतो, म्हणून केस शोधायला ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले आणि म्हशींचे कान उलटे करून बघत फिरले.

तासाभरात निम्मा बाजार म्हशींचे कान बघायला लागला. हा मास्तर काहीतरी खूण जाणतो, अशी बोलवा उठली होती. एका व्यापाऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, दुधाची म्हस कानावरून कशी वळखायची? गुरुजी खोटं बोलत नाहीत. "म्हशीचं काय कळत न्हाई बुवा, मला इमान रंगवायचंय," म्हणाले. व्यापाऱ्याला वाटलं, माणूस लई पोचलेला दिसतो, सांगत न्हाई!

पण त्या केसानं काढलेला आकडा मी भिंगातून बघितला, आणि भिंग पुसून पुन्हा बघितला.

* * *

बेंजामिनकाका माझं जुनं गिऱ्हाईक. भिंगारहून डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला येत. एके दिवशी मागचं दार उघडं होतं. त्यांना शेल्फ दिसलं आणि ते थेट आत आले.

काका हवाईदलात फिटर होते, नॅट या छोट्या लढाऊ विमानावर. नॅट इतकं बुटकं की जमिनीवर उभं राहून सगळीकडं हात पोचायचा. पहाटे उड्डाणाआधी काका विमानाला एक फेरी घालत आणि पत्र्यांच्या जोडावरचा रिव्हेट अन् रिव्हेट बोटांनी तपासत. सगळं नीट असलं की नाकावर दोन टिचक्या मारून म्हणत, "सोडा."

एकदा पायलट आत बसलेला, इंजिन चालू करायचं बाकी, आणि काकांना एक रिव्हेट ढिला लागला. त्यांनी विमान थांबवलं. साहेब तापले, आरडाओरडा झाला, काका हलले नाहीत. हे त्यांनी असं सांगितलं, की जणू निघताना घरातला नळ बंद केला.

मग म्हणाले, "शेठ, काचबिंदूनं एक डोळा गेलाय. दुसऱ्याला डागदरनं थोडे महिने दिल्यात. त्याच्या आत माझं नॅट एकदा बघायचं हाय. पन माझंच. दुसरं न्हाई चालायचं."

पठाऱ्यांनी खिशातला व्हर्नियर काढून टेबलावर ठेवला. आमच्यात ही शपथच समजा.

* * *

पहिला डबा आला, त्यात दोन सीटचं शिकाऊ नॅट निघालं. काकांचं एका सीटचं. परत पाठवलं.

दुसरा जुन्या साच्यातला. पठाऱ्यांनी सरावासाठी जोडून, घासून बघितला. माप बरं होतं, पण रिव्हेट घामोळ्यासारखे वर आलेले. पठारे म्हणाले, खऱ्या विमानावर हे लिंबाएवढे झाले असते. नापास.

तिसऱ्याचं नाक बारीक, चौथ्याची चाकं मोठी. काका दर रविवारी येऊन विचारत, "ठरलं का?" आम्ही म्हणत होतो, ठरत आलंय. नाताळ गेला. काका आता दुकानाची पायरी पायानं चाचपून चढायला लागले होते. मी पठाऱ्यांना म्हटलंसुद्धा, की आता उरका. ते म्हणाले, "चुकीचं दाखवून काय करू?"

शेवटी पाचवा डबा पास झाला. नाकापासून शेपटीपर्यंत बारा सेंटिमीटर, कुठं केसाचा फरक नाही. पत्र्यांचे सांधे इतके नाजूक की श्वास रोखून बघावे. गुरुजींनी म्हशीच्या केसानं काकांच्या विमानाचा नंबर घातला. तसं विमान आमच्या हातून पुन्हा होणार नाही.

ईस्टरनंतरच्या रविवारी ते घेऊन आम्ही भिंगारला गेलो. मार्थाकाकूंनी दार उघडलं आणि तिथंच हळू आवाजात सांगितलं. काकांची नजर आठ दिवसांपूर्वी पूर्ण गेली होती. डबे निवडण्यात आम्ही त्यांचे महिने घालवले होते.

काकांनी विमान हातात घेतलं. बोटं फिरवली. सगळं गुळगुळीत. "छान झालंय," म्हणाले, शेजारच्यांच्या अळणी भाजीला म्हणतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पठारे फरशीकडं बघत बसले.

तेवढ्यात गुरुजींनी पिशवीतून ते जुनं, घामोळ्याचं विमान काढलं. माप पडताळायला म्हणून ते सोबत आणलं होतं. त्यांनी ते काकांच्या हातात दिलं.

काकांचं बोट नाकावर टेकलं आणि थांबलं. मग सरकायला लागलं. डाव्या बाजूनं, ओळीनं, रिव्हेट अन् रिव्हेट. तोंडानं पुटपुटणं चालू. हितं तोफ. हितं झाकन. हितं तेल. माणूस वाचत होता हो! तेवढ्यात डाव्या पंखाखाली अंगठा अडला. मागं गेला, पुन्हा तिथंच आला.

"हितं एक न्हाई."

पठारे म्हणाले, शक्य नाही. भिंग लावून बघितलं. सांधा घासताना त्यांच्याच हातून एक रिव्हेट उडाला होता. चार महिने आम्हा तिघांना दिसला नव्हता.

काकांनी विमान टेबलावर ठेवलं. "पठारे, हे आज उडनार न्हाई."

पठारे उभे राहिले आणि "हो" म्हणाले. उभ्या जन्मात मी त्यांना मापात हरलेलं पाहिलं नव्हतं.

* * *

पुढच्या रविवारी भिंगारला पठाऱ्यांनी तो रिव्हेट सुईच्या टोकानं गोंदाचा थेंब ठेवून बसवून आणला. त्याची उंचीसुद्धा मोजली असणार, मी पैजेवर सांगतो. काकांनी पूर्ण फेरी घातली. डाव्या पंखाखाली अंगठा क्षणभर थांबला आणि पुढं गेला. मग त्यांनी विमान पठाऱ्यांनी समोर धरलेल्या तळहातावर ठेवलं, नाकावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "सोडा."

आणि मान वर करून, कान देऊन बसले.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी काकूंकडं. काका वाट बघत होते.

पठाऱ्यांनी विमान दोन बोटांत धरलं. हळूहळू वर उचललं. आणि खिशाला व्हर्नियर लावलेला तो साठीचा माणूस तोंडानं "झूंऽऽ" करत टेबलाभोवती निघाला, काकूंच्या डोक्यावरून, कपाटाला वळसा घालून. काकांचा चेहरा त्या आवाजाबरोबर फिरत राहिला, थेट खिडकीपर्यंत.