एस्तेरताईंचे चार रविवार

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. महाडच्या शाळेत मी चौथीच्या वर्गावर होते. पोलादपूरहून येणाऱ्या एसटीचा ओळखीचा कंडक्टर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "बाई, नर्सबाई गेल्या. आज सकाळी. डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय." मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. तो मी पूर्ण केला, बाकी काढली, मुलींना उतरवून घ्यायला सांगितलं. मग हात झटकले आणि हेडमास्तरांना सांगून त्याच गाडीत जाऊन बसले. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. मी ती बघत होते. काही वाटत नव्हतं... आज इतके आठवडे झाले तरी ते तसंच आहे. लोक विचारतात, रडलीस का? नाही रडले. का, ते मलाही सांगता येत नाही.

या नर्सबाई, म्हणजे एस्तेरताई, माझ्या कुणी नात्याच्या नव्हत्या. मी लग्न न करता नोकरी करणारी, साताऱ्याकडची ब्राह्मणाची मुलगी. त्या नगरकडच्या ख्रिस्ती, तरुणपणीच विधवा झालेल्या, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. माझी पहिली नेमणूक पोलादपूरच्या शाळेत झाली तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. दवाखान्याच्या मागे नर्सबाईंना राहायला दोन खोल्या होत्या. त्यांनी स्वतः शाळेत येऊन मला विचारलं, "माझ्याकडे राहशील? चूल वेगळी मांड हवी तर." महिनाभर मी चूल वेगळी मांडली. मग एकदा मला ताप आला, त्यांच्याच हातची पेज प्यायले, आणि वेगळी चूल तिथेच विझली. सहा-सात वर्षं आम्ही एकत्र काढली. पुढे माझी बदली महाडला झाली तरी महिन्यातून एकदा तरी मी जाऊन यायचे.

साऱ्या पोलादपुरात त्या एकट्याच ख्रिस्ती. जवळपास त्यांचं देऊळ नाही, मंडळी नाही. त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब, कधी दोन वर्षांनी फिरतीवर आले तर आले. त्यामुळे त्यांचं सगळं घरातच चाले. रविवारी दुपारी दवाखाना बंद झाला की पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या चटईवर बसत, शास्त्र म्हणजे त्यांचं बायबल वाचत, हलक्या आवाजात एखादं गीत म्हणत आणि डोळे मिटून प्रार्थना करत. मी पलीकडच्या खोलीत वह्या तपासत असे. ऐकून ऐकून त्यांच्या प्रार्थना मला पाठ झाल्या होत्या. नाताळ मला ठाऊक होता, पण नाताळच्या आधीचे चार रविवार वेगळे असतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याला त्या आगमनकाळ म्हणत. मी विचारलं होतं, म्हणजे उपास करायचा का? त्या म्हणाल्या, "काहीजण करतात. पण मुख्य म्हणजे वाट बघायची. तो येणार, तर त्याला आत जागा पाहिजे ना? कुणाशी वाकडं असेल, मनात काही डाचत असेल, ते या दिवसांत बघायचं. बाकी वर्षभर कुठे वेळ होतो?" हे त्या अशा सुरात म्हणाल्या की पापड कधी करायचे ते सांगत असाव्यात. मीही ते तसंच ऐकलं.

त्याचा अर्थ मला कळला तो सखू गेली त्या वर्षी.

सखू ही धोंडिबाची बायको. धोंडिबा गावापासून वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीतला. भाताची खाचरं, वर थोडी नाचणी, गुरं. घरचा बरा माणूस. श्रावणात सखू अडली. दोन दिवस वाडीतल्या सुईणीनं खटपट केली आणि मग एस्तेरताईंना बोलावणं आलं. त्या पावसात चढून गेल्या. मूल आडवं होतं. त्यांनी ताबडतोब डोली करायला सांगितलं, खाली आणून गाडीनं महाडला न्यायचं म्हणून. पण मधला ओढा भरून वाहत होता. सगळे काठावर उतार पडायची वाट बघत थांबले, आणि तिथेच, घोंगडीच्या डोलीत, सखू गेली. पोटातलं मूलही गेलं. एस्तेरताई घरी आल्या तेव्हा त्यांच्या हातावर नखांच्या खुणा होत्या. मी हळद लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी धोंडिबा खाली आला. भर बाजारात, बांगड्यांच्या दुकानापुढे त्यानं त्यांना गाठलं. त्यांच्या हातातली पिशवी ओढून चिखलात फेकली आणि ओरडला, "हिनं मारली माझी बायको! या बाटगीनं मारली! हिला घरात घेऊ नका कुणी!" दोन दिवस आधी बोलावलं असतं तर, असं एस्तेरताई म्हणू शकल्या असत्या. त्यांनी पिशवी उचलली, कात्री आणि वाट्या वेचून पुन्हा आत घातल्या आणि त्या घरी आल्या. त्यानंतर वाड्यांवरून बोलावणी बंदच झाली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक... बाळंतपणाला त्यांना कुणी नेईना. पेठेतली एक पोर त्या काळात अशीच अडून गेली. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचं रडणं आम्हाला ऐकू येत होतं. एस्तेरताई दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आल्या, घरच्यांनी आत घेतलं नाही. त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "सुमन, तो धोंडिबा मेला तर मला बरं वाटेल." त्यांच्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता. भाकरी थापता थापता म्हणाल्या.

मग ते चार रविवार आले. पहिल्या रविवारी त्या चटईवर बसल्या आणि थोड्याच वेळात उठल्या. गीत नाही, प्रार्थना नाही. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाल्या, "आत जागाच नाही गं. तो धोंडिबा मांडी घालून बसलाय. देवाला कुठे बसवू?" दुसऱ्या रविवारी मला पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला. सगळ्यांची नावं त्या घेत होत्या. नगरचा भाऊ, डॉक्टर, मी, पेठेतली गेलेली पोर, सखू. मग थांबल्या. पुन्हा सखूपासून सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी शास्त्र मिटलं आणि त्या पाणी आणायला गेल्या.

तिसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मी वाडीवर जाऊन येते." मी घाबरले. "ताई, तो मारेल तुम्हाला." त्या म्हणाल्या, "मारलं तर मारलं." मग मीही निघाले. ओढ्याला आता घोट्याएवढं पाणी होतं. त्या तिथे जराही थांबल्या नाहीत. वाडीत शिरलो तेव्हा धोंडिबा खळ्यावर पेंढा रचत होता. आम्हाला बघून त्यानं पाठ फिरवली आणि काम चालूच ठेवलं.

"कशाला आलीस?" पाठमोराच म्हणाला. "आता काय ऱ्हायलंय नेयाला?"

एस्तेरताई खळ्याच्या कडेला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "धोंडिबा, मी तिला मारलं नाही. हे तुलाही माहीत आहे. पण ते कबूल करून घ्यायला मी आले नाही. तुझ्याबद्दल माझ्या मनात फार वाईट आहे. ते मला काढायचंय. घरी बसून निघत नाही, म्हणून आले."

त्यानं एक पेंढी उचलून वर टाकली. मग दुसरी. घरातून त्याची म्हातारी आई बाहेर आली, आमच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला. एस्तेरताईंजवळ बसून हळूच म्हणाली, "बाय, तिचा हात तुझ्याच हातात व्हता गो. मी बघितला. ह्यो पण बघत व्हता." धोंडिबानं ऐकलं असणार. वळला नाही. आम्ही पाणी प्यालो आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "काहीच झालं नाही, ताई." त्या म्हणाल्या, "हो. काहीच झालं नाही." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाल्या, "मी त्याच्या दारात उभी राहिले. माझ्याकडून तेवढंच होतं."

चौथ्या रविवारी मी वह्या बाजूला ठेवून कान देऊन बसले होते, खोटं कशाला सांगू? भाऊ, डॉक्टर, मी, पेठेतली पोर, सखू... मग बराच वेळ काही नाही. आणि मग, "धोंडिबा." पुढे त्याच्यासाठी काही मागितलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. नाताळला त्यांनी करंज्या केल्या, शेजारीपाजारी वाटल्या. वाडीवरही एक ताट पाठवलं. ते जसंच्या तसं परत आलं. त्यांनी वरचा रुमाल काढून बघितलं आणि म्हणाल्या, "आपण खाऊ."

कुणाला वाटेल की इथे गोष्ट फिरली. तसं झालं नाही. गावातली बोलावणी हळूहळू सुरू झाली, ती गरजेनं. धोंडिबा मात्र बोलला नाही. पण त्या दर वर्षी आगमनकाळातल्या एका रविवारी वाडीवर जाऊ लागल्या. तो असेल तिथे असे, काम करत राही. त्या म्हातारीशी दोन शब्द बोलत, पाणी पीत, परत येत. मी एकदा जरा रागानंच म्हटलं, "आता कशाला? तुमचं मन तर साफ झालं ना?" त्या हसल्या. "एकदा होऊन भागतंय होय? वर्षभरात पुन्हा भरतं." पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. त्या बाईचे दिवस भरले, आणि एका दुपारी तो दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, बोलला नाही. एस्तेरताईंनी पिशवी घेतली आणि त्या त्याच्यामागून चालू लागल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. तेव्हाही तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता, असं त्यांनीच मला सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. पाऊस किती पडला सांगावं तसं.

तर त्या दिवशी मी पोलादपूरला उतरले तेव्हा त्यांना चटईवर निजवलं होतं. सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि संपलं. नगरच्या भावाला तार गेली होती, पण त्याला पोचायला दोन दिवस लागणार. अंगणात डॉक्टर, सरपंच, पेठेतले चार-सहा लोक उभे होते. प्रश्न असा होता की पुरायचं कुठे? ख्रिस्ती लोकांची पुरायची जागा तालुक्यात कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. कुणी म्हणालं नदीकाठी, कुणी म्हणालं दहनच करू, त्यांना आता काय कळणार. मी म्हटलं, दहन नाही.

तेवढ्यात धोंडिबा आला. बरोबर वाडीतले दोघे, खांद्यावर कुदळी. केस पांढरे झाले होते. त्यानं सरपंचांना सांगितलं, "वाडीखाली माजं गवताचं वरकस रान हाय. तितं नेऊ बाईला."

"अरे, तुझ्या रानात? लोक काय म्हणतील?" सरपंच म्हणाले.

"रान माजं हाय." मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच, "दर साल चढून येयाची. आता उतरली नाय तरी चालंल."

त्यानंच खड्डा खणला. वर काय म्हणायचं ते कुणालाच येत नव्हतं, म्हणून मी पलीकडच्या खोलीतून पाठ झालेली त्यांची प्रार्थना म्हटली. मध्ये एक ओळ विसरले. पुन्हा पहिल्यापासून म्हटली. दोन दिवसांनी भाऊ आला, त्यानं त्यांच्या रीतीनं सगळं नीट केलं आणि त्यांची ट्रंक घेऊन तो परत गेला.

गेल्या आठवड्यात नाताळच्या आधीच्या चारांपैकी पहिला रविवार होता. मला त्याचं काही करायचं नव्हतं. तो माझा सण नाही. तरी सकाळी मी पोलादपूरची गाडी धरली आणि वर चढले. रानडुकरांनी उकरू नये म्हणून कुणीतरी दगड रचून भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. धोंडिबा जवळच गवत कापत होता. विळा ठेवून तो आला आणि जरा लांब बसला.

"आयला सांगायची त्या चार ऐतवारांत ती काय करायची?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नावं कशी घ्यायच्या, त्याच्या नावाशी कशा अडायच्या, ते.

"मग? घेतलं?"

"घेतलं. पहिल्याच वर्षी, शेवटच्या रविवारी. मग दर वर्षी."

त्यानं निसटलेला एक काटा पुन्हा कुंपणात खोचला. खालून एसटीचा आवाज आला आणि गेला. मग म्हणाला, "आमी नर्सबाईच म्हणायचो. नाव काय व्हतं गो तिचं?"

"एस्तेर."

"इस्तेर," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा सावकाश, "इस्तेर." आणि उठून गवत कापायला गेला.