सोनेरी कार्डावरची डोकेदुखी

लग्नपत्रिकांच्या दुकानात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत: उरलेली कार्डं आणि घडलेले किस्से. कार्डं माळ्यावर जातात, किस्से चारच्या कॉफीला निघतात. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या आमच्या दुकानात मी बारा वर्षं प्रूफं तपासतोय, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा साठा आहे. आज फक्त डोकेदुखीचे सांगतो.

०००

आधी माणसं. मालक अण्णा. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. काउंटरवर विमलाक्का, वीस वर्षांपासून. आणि मी सदा, मूळचा निपाणीचा.

काउंटरचा तिसरा खण अक्कांचा. त्यात कात्री, रेशमी दोरे आणि डोकेदुखीच्या गोळ्या! शाईचा वास, मशीनची खडखड, वर लग्नसराई. रोज कोणाचं तरी डोकं दुखायचंच. अक्का पट्टीतून एकेक गोळी कापून द्यायच्या, तीही कोपरे गोल करून. "टोचायला नको," म्हणायच्या.

एकदा एक वधूपिता दोनशे नमुने बघून डोकं धरून बसला. अक्कांनी पाणी दिलं, गोळी दिली. तीन वर्षांनी धाकटीच्या लग्नासाठी आला, तो दारातूनच म्हणाला, "अक्का, आधी गोळी, मग नमुने!"

०००

त्या खणाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मी. सकाळच्या कॉफीबरोबर एक, जेवणानंतर एक, आणि के. आर. पुरमला घरी पोचेपर्यंत पुन्हा ठणका सुरू, की तिसरी.

माझी मीनू दुसरीत आहे. शाळेत 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं होतं. आई उभी, मीनू उभी, आणि मी आडवा, तोंडावर ओला टॉवेल! बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता. मी आधी खूप हसलो, मग मला फार वाईट वाटलं. ही पोर घरात पाय न वाजवता चालायला शिकली होती, आणि ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्याच दिवशी जयनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई बेळगावच्या, मराठी चोख.

"गोळ्या किती घेता?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"दुखेल तेव्हा."

"आणि दुखतं कधी?"

"रोज."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि महिनाभर रोजची नोंद करून आणायला सांगितलं.

०००

आता आमचं छपाईचं दुकान. नोंद काय साध्या वहीत करायची? अण्णांना चेव आला. उरलेलं सोनेरी कार्ड काढलं, त्यावर रकाने पाडले: तारीख, दुखलं का, दहापैकी किती, गोळी घेतली का. एकच प्रत हवी होती, पण आमच्या मशीनवर एक कधीच निघत नाही. दहा निघाल्या. मी एक उचलली, बाकीच्या कुठे गेल्या ते कोणी विचारलं नाही.

महिन्याने बाईंनी कार्ड हातात घेतलं आणि बघतच राहिल्या. वर गणपती. खाली, जुन्या मजकुरातली काढायची राहिलेली ओळ: 'कृपया आहेर आणू नये'. प्रूफ मीच तपासलं होतं!

बाई हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "डोकं दुखतं म्हणून गोळी घेता, आणि रोज गोळी घेता म्हणून डोकं दुखतं."

मी सवयीने म्हणालो, "मॅडम, मजकूर रिपीट होतोय. एक ओळ काढावी लागेल."

"तेच सांगते. गोळीची काढा. पहिले दोन आठवडे फार वाईट जातील, घाबरू नका, फोन करा."

दुकानात येऊन हे सांगितलं तर अण्णा खवळले. "अर्धा तास बसवून घेतलं आणि काहीच घेऊ नको म्हणाली? ते तर मीही सांगितलं असतं!"

०००

सोमवारी गोळी सोडली. बाई खरं बोलल्या होत्या. दुप्पट दुखायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ऑटोत डोकं धरून बसलो होतो. ड्रायव्हरने आरशात बघितलं, गाडी बाजूला घेतली, वरच्या कप्प्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं, पाण्याची बाटली पुढे केली. "तगोळ्ळी सर, घ्या!" बेंगळुरूचा ऑटोवाला आपणहून काही देतोय, आणि मी हात जोडून "बेडा, नको" म्हणतोय! असा योग पुन्हा येणार नाही.

नवव्या दिवशी मात्र मी हरलो. काउंटरपाशी गेलो. "अक्का, अर्धी द्या. स्वल्प."

"बेडा, सदू."

"अर्धीच मागतोय ना!"

"नाही म्हटलं ना?" त्या दिवसांत अक्काही भारी चिडक्या झाल्या होत्या. उकडतंय म्हणून कपाळाला ओला रुमाल लावून बसायच्या, गिऱ्हाइकावर खेकसायच्या. मी वैतागलो आणि बोलून गेलो, "तुम्हाला काय कळणार? दुखतंय माझं!"

अक्कांनी फडकं उचललं. काउंटर पुसत राहिल्या. मला लगेच लाज वाटली, पण माफी मागायचं राहून गेलं.

०००

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपार झाली आणि लक्षात आलं की सकाळपासून डोक्याची आठवणच झाली नाही. आता महिन्यातून दोन-तीनदा दुखतं. मीनू घरात धाडधाड पळते, शेजारचे तक्रार करतात. मला त्या तक्रारी ऐकायला आवडतात. तिने परवा नवं चित्र काढलं. त्यात मी उभा आहे. टॉवेल खांद्यावर आहे.

०००

आणि हा मागच्या गुरुवारचा. पत्रिकांना दोरा बांधत होतो, दोरा संपला. अक्का गिऱ्हाइकाला नमुने दाखवत होत्या. हातात कात्री तशीच, मी तिसरा खण उघडला. गोळ्या नव्हत्या. दोऱ्यांच्या खाली एक सोनेरी कार्ड होतं. वर गणपती, खाली 'कृपया आहेर आणू नये'. सगळे रकाने भरलेले, अक्कांच्या गोल अक्षरात. पहिली तारीख मी गोळी सोडली त्या सोमवारची.

मी नववी ओळ शोधली. दुखलं का: होय. दहापैकी किती: दहा. गोळी घेतली का: नाही.

कार्ड होतं तसं ठेवलं. मागून आवाज आला, "काय शोधतोयस, सदू?"

"कात्री, अक्का."

"मग हातात काय आहे तुझ्या?"