माझी वाइन गॅरेजमध्ये संपली

मंडळी, ज्याने त्याने काहीतरी घेऊन जायच्या पॉटलक पार्टीहून आत्ताच आलेय. डोकं भणभणतंय, म्हणून आधी आपल्या ईमेल लिस्टवर लिहितेय.

बरीच वर्षं मुरलेली एक ऑस्ट्रियन व्हाइट वाइन मी जपून ठेवली होती. तिच्याबरोबर खायला आज सकाळी सांता क्लाराच्या फार्मर्स मार्केटमधून ताजा ॲस्परॅगस आणि कोवळे मटार आणले. म्हटलं, भाज्या बटरवर जराशा परतू आणि सगळे मिळून चव घेऊ.

यजमानांनी दारातच माझ्या हातून बाटली घेतली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वा, चॉइस छान आहे तुझा!" पुरुषमंडळी गॅरेजमध्ये. मी किचनमध्ये, मटार सोलत.

भाज्या घेऊन गेले, तर माझी वाइन बर्फ घालून, चिवड्याबरोबर संपलेली!

"अगं, तूपण घेतेस?" यजमान म्हणे. यार, विकत मी आणली होती! नवरा नुसता हसत होता.

किचनमध्ये आले, तर यजमानांच्या आईने, म्हणजे मावशींनी, हळूच विचारलं, "लोणच्यासारखी मुरते म्हणालीस ना मघाशी? मग लागते कशी गं?"

मी तर थेंबभरही चाखली नव्हती.

गॅरेजमधले निम्मे जण या लिस्टवर आहेत. तुम्हीच सांगा आता मावशींना, कशी लागली?